ब्रिटनची पेन्शन: ‘दोन वर्षांत परत जायचंय’ म्हणणाऱ्यांसाठी

२०१९ च्या मार्चमध्ये पुण्याहून स्विंडनला आले. पहिल्या पगारपत्रकावर टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) यांच्या खाली आणखी एक वजाबाकी होती: पेन्शन. घराचं डिपॉझिट नुकतंच भरलेलं, कौन्सिल टॅक्सचं पत्र येऊन पडलेलं, त्यात ही कापाकापी. कँटीनमध्ये एक जुना सहकारी म्हणाला, “आपल्याला कुठे इथे म्हातारं व्हायचंय? ऑप्ट आउट कर, म्हणजे योजनेतून बाहेर पड.” त्याच संध्याकाळी केलं. दोन वर्षांसाठी आलेली मी अजून इथेच आहे, आणि तो सहकारीही.

त्या एका बटणापायी कंपनीकडून मिळणारे वर्षाला जवळजवळ नऊशे पौंड मी तीन वर्षं सोडून दिले. मी आर्थिक सल्लागार नाही. पण तेव्हा कोणी समोर बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहितेय.

सुरुवातीला हे जवळ ठेवा

नॅशनल इन्शुरन्स नंबर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप, दर वर्षीचा पी६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला) आणि नोकरी सोडताना मिळालेला तसाच दाखला, म्हणजे पी४५. पेन्शन कंपनीचं पहिलं पत्र, कारण पॉलिसी नंबर त्यावर असतो. सरकारी संकेतस्थळावर लॉगिन करता यायला हवं, त्यासाठी पासपोर्ट हाताशी असू द्या. आणि स्वतःचा खासगी ईमेल. ऑफिसच्या ईमेलवर पेन्शनचं खातं उघडू नका. नोकरी सुटली की तो पत्ता बंद, आणि मग आपलेच पैसे बघायला ‘मीच ती’ हे सिद्ध करत बसावं लागतं.

१. सरकारी, नोकरीची आणि स्वतःची पेन्शन वेगळी ओळखा

आपल्याकडे ‘पेन्शन’ म्हटलं की सरकारी नोकरीतले काका आठवतात. इथे या शब्दात तीन गोष्टी असतात. पहिली स्टेट पेन्शन: नॅशनल इन्शुरन्स भरलेल्या वर्षांवर सरकार देतं. दुसरी वर्कप्लेस पेन्शन: आपल्या ईपीएफसारखी, तुम्ही आणि कंपनी मिळून भरता. पण इथे व्याजदर कोणी जाहीर करत नाही. पैसा बाजारात गुंतवलेला असतो, वर-खाली होतो. एका नोकरीतून साचलेल्या रकमेला इथे सगळे ‘पॉट’ म्हणतात. तिसरी म्हणजे तुम्ही स्वतः उघडलेली खासगी पेन्शन. नवख्याने तिच्या नादी लागायची घाई करू नये.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ असं लिहिलेलं बघून काही जण पेन्शनलाही घाबरतात. वर्कप्लेस पेन्शन हा तुमचा पगारच आहे आणि स्टेट पेन्शन तुम्ही भरलेल्या वर्गणीवर मिळते. त्या अटीचा या दोन्हींशी संबंध नाही.

२. ऑप्ट आउटच्या बटणापासून लांब राहा

वय २२ ते स्टेट पेन्शनचं वय यांच्यामध्ये असेल आणि वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त पगार असेल, तर कंपनीला तुम्हाला योजनेत घालावंच लागतं. २०१२ पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने आली. पगारातल्या ६,२४० ते ५०,२७० पौंड या पट्ट्यावर किमान ८ टक्के जमा होतात, त्यातले किमान ३ कंपनीचे.

३८,००० पगाराचा हिशेब करू. पट्ट्यातली रक्कम ३१,७६०. महिन्याला तुमच्या खिशातून सुमारे १०६ पौंड जातात, सरकारची करसवलत आणि कंपनीचा वाटा धरून पॉटमध्ये सुमारे २१२ पडतात. गुंतवणूक सुरू व्हायच्या आधीच दुप्पट. पुढे बाजार ४० टक्के कोसळला तरी तुम्ही घातलेल्यापेक्षा पॉटमध्ये जास्तच उरतं.

कंपनीच्या योजनेचं पत्रक नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी तुम्ही जास्त भरलं तर कंपनीही तेवढंच जास्त भरते, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा गाठा. मागितल्याशिवाय हे कोणी देत नाही, आणि न मागणाऱ्यांत आपली माणसं फार असतात.

योजनेत आल्यापासून महिन्याभरात ऑप्ट आउट केलंत तरच कापलेले पैसे परत मिळतात. त्यानंतर बाहेर पडलात तर पुढची कपात थांबते, साचलेलं तिथेच राहतं. दर तीन वर्षांनी कंपनी तुम्हाला पुन्हा आत घालते. माझं तसंच झालं, जानेवारी २०२२ मध्ये. यावेळी हात आवरला.

मात्र एक लक्षात ठेवा: हा पैसा आत्ता वयाच्या ५५ पर्यंत हलत नाही, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ही अट ५७ होणार आहे. घराचं डिपॉझिट, आईबाबांचं आजारपण, अचानक काढावं लागलेलं विमानाचं तिकीट यांसाठी तीनचार महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा असू द्या.

एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, असाल तर हा हिशेब तुम्हाला लागूच नाही, तुमचं प्रकरण याहून चांगलं आहे. तिथे पॉट नसतो. दर वर्षीच्या पगाराचा ५४ वा भाग तुमच्या वार्षिक पेन्शनमध्ये जोडला जातो, तो महागाईप्रमाणे वाढतो आणि बाजाराची जोखीम तुमच्यावर नसते. इंग्लंडमध्ये नोकरी देणारी संस्था पगाराच्या २३.७ टक्के भरते. जास्तीचा हप्ता कापला जातो म्हणून त्यातून बाहेर पडलेल्या नर्स मला भेटल्या आहेत. ऐकून पोटात कालवतं.

३. पेस्लिपवर कर कसा वाचतोय ते बघा

करसवलत तीन प्रकारे मिळते. एकात कर कापून झाल्यावर हप्ता जातो आणि पेन्शन कंपनी सरकारकडून २० टक्के आणून घालते. दुसऱ्यात कराच्या आधीच हप्ता कापला जातो. तिसऱ्यात, म्हणजे सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये, तुमचा पगारच तेवढा कमी धरला जातो, त्यामुळे नॅशनल इन्शुरन्सही वाचतो. नॅशनल इन्शुरन्सची ही सवलत एप्रिल २०२९ पासून वर्षाला पहिल्या २,००० पौंडांपुरतीच राहणार आहे.

सापळा पहिल्या प्रकारात आहे. तुमचा पगार ५०,२७० च्या वर असेल (स्कॉटलंडचे टप्पे वेगळे) तर वरच्या पैशावर ४० टक्के कर जातो, पण पेन्शनमध्ये आपोआप २० टक्केच परत येतात. उरलेले २० टक्के कर खात्याकडे मागावे लागतात. मागची चार वर्षं मागता येतात. माझ्या माहितीतल्या एका जोडप्याने असं मागून दोन हजारांहून जास्त परत मिळवले. चार वर्षं ते पैसे नुसते पडून होते.

सॅलरी सॅक्रिफाइस घेताना दोन ठिकाणी थांबा. व्हिसासाठी पगाराचा कोणता आकडा धरला जातो हे एचआरला लेखी विचारा. आणि बाळाचा विचार असेल तर ध्यानात घ्या की कायद्याने मिळणारा प्रसूतीकाळचा पगार कमी झालेल्या पगारावर मोजला जातो.

पगार १,००,००० च्या वर गेलेल्यांना वेगळंच दुखणं लागतं. तिथून पुढे करमुक्त १२,५७० ची सूट विरघळायला लागते आणि त्या पट्ट्यात कर प्रत्यक्षात ६० टक्के पडतो, शिवाय पाळणाघराची सरकारी मदत जाते. वरची रक्कम पेन्शनमध्ये घालून लोक लाखाच्या खाली येतात. वर्षाला ६०,००० पर्यंत बहुतेकांना घालता येतात.

४. पैसा कशात गुंतलाय ते उघडून बघा

इथे जरा थांबते, कारण माझी दुसरी चूक इथली.

तुम्ही काहीच निवडलं नाही तर पैसा ‘डिफॉल्ट’ फंडात जातो. त्यावरचं वार्षिक शुल्क कायद्याने ०.७५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तरुणपणी त्यात शेअर जास्त असतात, निवृत्ती जवळ आली की हळूहळू रोखे वाढवतात. वाईट नाही. मला मात्र २०२२ मध्ये शहाणपण सुचलं. शेअरबाजाराची भीती, म्हणून मी पेन्शन कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन ‘सावध’ असं नाव असलेला फंड निवडला. त्यात बहुतेक सरकारी रोखे होते, ज्यांना इथे गिल्ट म्हणतात. सरकारी म्हणजे एफडीसारखं, असं मी धरून चालले.

ऑक्टोबरमध्ये ॲप उघडलं. कंपनीने आणि मी मिळून घातलेल्या पैशापेक्षा पॉट दोनशे ऐंशी पौंडांनी कमी. लाल आकडा, शेजारी हिरव्या रंगात ‘कमी जोखीम’ असा शिक्का.

झालं असं होतं. समजा तुमच्याकडे २ टक्क्यांची दहा वर्षांची पावती आहे आणि आज बँक नव्या पावतीवर ५ टक्के द्यायला लागली. तुमची जुनी पावती कोणी मूळ किमतीला विकत घेईल का? भाव पाडूनच घेईल. रोख्यांचं तेच. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्क्यावरून हलला आणि डिसेंबर २०२२ पर्यंत ३.५ वर गेला. मध्येच २३ सप्टेंबरला तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारचा, कर्ज काढून करकपात करणारा ‘मिनी बजेट’ आला, रोखे असे गडगडले की पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला स्वतः बाजारात उतरून ते विकत घ्यावे लागले. दीर्घ मुदतीचे गिल्ट त्या वर्षात सुमारे ४० टक्के पडले. माझं नुकसान किरकोळ होतं. पण ऐन निवृत्तीच्या तोंडावर ज्यांचा पॉट ‘सुरक्षित’ म्हणून रोख्यांत हलवला होता, त्यांचे त्या वर्षी डोळे पांढरे झाले.

मग शेअरच बरे का? तेही बघा. लंडनचा एफटीएसई १०० हा निर्देशांक १९९९ च्या अखेरीला ६,९३० वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०१५ उजाडावं लागलं. पंधरा वर्षं! लाभांश धरला तर चित्र इतकं वाईट नाही, आणि त्या काळात दर महिन्याला हप्ता भरणाऱ्याने पडत्या भावात भरपूर घेतलं. पण त्याच काळात दर महिन्याला पैसे *काढणाऱ्याचा* पॉट आटला असता. एकच बाजार, पस्तिशीतल्या माणसाला तो स्वस्ताई वाटतो, साठीतल्याला खड्डा.

बँकेत रोख ठेवणंही जोखमीचंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथली महागाई ११.१ टक्के होती. आकडा तेवढाच राहतो, त्यात येणारी भाजी कमी होते.

त्यामुळे मी ॲपमध्ये चार गोष्टी बघते:

- फंडात शेअर किती, रोखे किती. फंडाच्या नावावर जाऊ नका.
- शेअर जगभरचे आहेत की ब्रिटनचेच जास्त. पगार पौंडात, घर इथे, मग पेन्शनही याच देशावर कशाला? पौंड घसरला तर बाहेरच्या शेअरची किंमत पौंडात वाढते, तेवढा आधार.
- वार्षिक शुल्क. ५०,००० च्या पॉटवर ०.७५ टक्के म्हणजे वर्षाला ३७५ पौंड, ०.३ टक्के म्हणजे १५०. ते न विचारता जातं आणि पेस्लिपवर दिसत नाही.
- निवृत्तीचं वय. ॲपने स्वतःच ६५ ते ६८ मधलं काहीतरी धरलेलं असतं आणि रोख्यांकडे कधी वळायचं ते त्यावरून ठरतं. तुम्हाला ५८ ला नाशिकला जायचं असेल तर ते बदला.

कंपनी बुडाली तर पेन्शन बुडेल का, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. १९९१ मध्ये रॉबर्ट मॅक्सवेल मेला आणि त्याच्या मिरर समूहाच्या पेन्शन फंडातून कोट्यवधी पौंड गायब असल्याचं उघड झालं. नंतर कायदे कडक झाले. आज तुमचा पॉट कंपनीच्या खात्यात नसतो, वेगळा ठेवलेला असतो. बाजार पडला म्हणून मात्र कोणीही भरपाई देत नाही.

५. जुने पॉट शोधा

स्विंडनमध्ये गोंयकार पुष्कळ. माझ्या शेजारची बाई मडगावची, दहा वर्षं गोदामांतून एजन्सीमार्फत काम करते. एका रविवारी तिने शॉर्टब्रेडचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत पत्रं, बरीचशी न फोडलेली. “हें सगळें जाहिरातींचें,” म्हणाली. आम्ही एकेक फोडत बसलो. चार वेगवेगळ्या पेन्शन कंपन्या, पाच पॉट, एकात फक्त ९० पौंड. सगळे मिळून सहा हजारांवर. तिला यातले दोनच ठाऊक होते.

एजन्सी बदलली की नवा पॉट तयार होतो. पत्ते बदलतात, पत्रं जुन्या घरी जातात. पत्र हरवलं असेल तर सरकारची पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस फुकट आहे: जुन्या मालकाचं नाव द्या, योजनेचा पत्ता मिळतो. पैसे घेऊन शोधून देणारे भेटतील, त्यांची गरज नाही.

एकत्र करावेत का? साधे पॉट असतील आणि एकाचं शुल्क कमी असेल तर करा. आधी विचारा: बाहेर पडायचं शुल्क आहे का, जुन्या योजनेत काही हमी आहे का. एनएचएससारख्या हमीच्या पेन्शनला हात लावू नका. आणि सध्याच्या नोकरीचा पॉट दुसरीकडे नेताना कंपनीचा हप्ता थांबणार नाही, हे लेखी घ्या.

६. स्टेट पेन्शनची वर्षं मोजा

किमान १० वर्षं भरली तरच काही मिळतं, पूर्ण रकमेसाठी साधारण ३५ लागतात. २०२५-२६ मध्ये पूर्ण रक्कम आठवड्याला २३०.२५ पौंड होती, म्हणजे दर वर्षाच्या नोंदीमागे आठवड्याला साडेसहा पौंड. मिळण्याचं वय ६६ होतं, ते २०२६ ते २०२८ दरम्यान ६७ होतंय.

वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं मोजतात. नऊ वर्षं भरून परतलेल्याला भोपळा मिळू शकतो. भारतातला ईपीएफ यात धरत नाहीत. म्हणून सामान बांधण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नोंद बघा. खाडा असलेली वर्षं पैसे भरून भरता येतात: २०२५-२६ मध्ये आठवड्याला १७.७५, म्हणजे वर्षाला सुमारे ९२३. त्याने पेन्शन वर्षाला सुमारे ३४२ ने वाढते, तीन वर्षांत वसूल. भरण्याआधी ते वर्ष खरोखर उपयोगी पडणार का, हे पेन्शन खात्याला फोन करून विचारा. परदेशात राहून स्वस्त दराने भरायची जी सोय होती ती एप्रिल २०२६ पासून बंद झाली आहे; आता महागडा दर, आणि आधी इथे दहा वर्षं राहिलेले असणं किंवा तेवढी वर्गणी भरलेली असणं अशी अट.

भारतात राहून ही पेन्शन घेतलीत तर ती दर वर्षी वाढत नाही. पहिल्या दिवशीचा आकडा गोठतो. कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या लोकांचंही हेच रडगाणं आहे.

घरी मुलं सांभाळणाऱ्यांसाठी: चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) अर्ज केला की मूल १२ वर्षांचं होईपर्यंत नॅशनल इन्शुरन्सची वर्षं जमा होतात. जोडीदाराचा पगार जास्त म्हणून पैसे नको असतील, तरी अर्ज करून फक्त रक्कम नाकारता येते. पण हा लाभ ‘सार्वजनिक निधी’त मोडतो. व्हिसावर असाल तर कायमचा परवाना मिळेपर्यंत अर्ज करू नका.

७. नाव घाला

‘एक्स्प्रेशन ऑफ विश’ म्हणजे आपलं नॉमिनेशन. पाच मिनिटांचं काम. लग्नाआधी आईचं नाव घातलेलं आणि दोन मुलं झाली तरी तेच, असं सर्रास असतं. एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शन वारसा कराच्या हिशेबात धरली जाणार आहे. पती-पत्नीला ती झळ लागत नाही, मुलांना लागू शकते.

८. ‘पेन्शन आत्ता काढून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवा

पेन्शनबद्दल न विचारता फोन करणं इथे जानेवारी २०१९ पासून बेकायदा आहे. परत निघालेल्यांना व्हॉट्सॲपवर अशी गिऱ्हाइकं शोधणारे गाठतात. वेळेआधी पैसे काढले तर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसतो, वर मध्यस्थाचं कमिशन.

९. परत जाताना

पॉट इथेच राहू द्या, तो वाढत राहतो. ईपीएफमध्ये सरळ वळवता येत नाही. बऱ्याच पेन्शन कंपन्या ब्रिटिश बँक खात्यातच पैसे देतात, म्हणून एक खातं चालू ठेवा, आणि भारतातला पत्ता, फोन सगळीकडे कळवा. आयसामध्ये, म्हणजे इथल्या करमुक्त बचत खात्यात, परदेशातून नवे पैसे भरता येत नाहीत, आणि भारताचे रहिवासी झालात की त्याची इथली करमाफी भारतात चालत नाही. लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठी किंवा म्हातारपणासाठीचा, सरकार भर घालतं तो) घर किंवा साठी यांशिवाय मोडलात तर २५ टक्के कापतात: तुमचे ४,००० आणि सरकारचे १,००० मिळून ५,०००, हातात ३,७५०.

पुढे पैसे काढताना चौथा हिस्सा इथे करमुक्त असतो, पण भारतात तो कसा धरतील हे दोन्ही देशांमधला करार वाचलेल्या सीएला विचारा. पहिल्यांदा काढताना अनेकदा तात्पुरत्या टॅक्स कोडने भलताच कर कापतात. फॉर्म भरून तो परत मिळतो.

शेजारीण पुढच्या डिसेंबरात मडगावला निघालीय. पाचांपैकी चार पॉट एकत्र झाले, पाचव्या पॉटच्या कंपनीला अजून तिचं लग्नाआधीचं नाव पटत नाहीये. विवाहाच्या दाखल्याची प्रत पाठवली आहे, ती मूळ मागतात. डबा आता माझ्या कपाटात आहे, वर पॉलिसी नंबरांची चिठ्ठी चिकटवून.